पिवळ्या पाटीच्या चार ओळी

आईच्या अंगठ्याला नखुरडं झालं ते नेमकं गुलाबाचे डोळे भरायच्या दिवसांत. एरवी वर्षभर तिला साधी शिंक येत नाही. पण ज्या पंधरा दिवसांत चाकू एक दिवससुद्धा खाली ठेवून चालत नाही, त्याच पंधरा दिवसांत रानगुलाबाचा काटा तिच्या उजव्या अंगठ्यात नखाशेजारी घुसला आणि मोडला.

आमच्या घरात सगळे गुलाबाच्या नर्सरीचं खातात. वडील रोपांचा टेम्पो चालवतात, महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावर. आई डोळे भरते. रानगुलाबाच्या खुंटाची साल वर्षातून थोडेच दिवस चाकूच्या टोकानं अलगद सुटते. तेवढ्या दिवसांत खुंटावर आडवा एक आणि त्याखाली उभा एक काप घ्यायचा, साल दोन्हीकडे उचलायची, चांगल्या गुलाबाच्या डोळकाडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून आत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. दिवस टळले की साल लाकडाला चिकटून बसते, मग चाकू कितीही घासा. त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि पंधराचे दहा दिवस झाले.

ज्याच्या हातात चाकू, त्याच्या नावाची पत्र्याची पाटी ओळीच्या टोकाला. लाल, निळी, हिरवी अशा बाप्यांच्या पाट्या, आणि एक पिवळी, ती आईची. बाकी बायका पट्ट्या बांधतात, खुरपतात, पाणी घालतात. बावीस वर्षांपूर्वी एक कारागीर भांडून निघून गेला तेव्हा आईनं न विचारता त्याची ओळ पुरी केली होती आणि त्यातले डोळे सगळ्यांपेक्षा जास्त जगले होते, म्हणून तिला पाटी मिळाली. ती पाटी मुकादमाच्या भाच्याला हवी होती. तो गेली तीन वर्षं पट्ट्या बांधत होता आणि बायकांच्या रांगेत बसावं लागतं म्हणून तोंड वाकडं करून हिंडत होता.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत जर्मन भाषा आणि संस्कृतीच्या पदवीला तिसऱ्या वर्षात होते. अभ्यासाची सुट्टी म्हणून घरी आले होते. शनिवारी तोंडी परीक्षा आणि सोमवारपासून गुरुवारपर्यंत लेखी पेपर. परीक्षा वर्षातून एकदाच, चुकली की वर्ष गेलं.

जर्मनच का, असं मला सगळे विचारतात, आणि खरं उत्तर द्यायला मला अजून लाज वाटते. प्रवेशाच्या दिवशी बाकी टेबलांपुढे रांगा होत्या, जर्मनच्या टेबलापुढे कोणी नव्हतं आणि मला परतीची बस गाठायची होती. पहिले सहा महिने मी रोज पस्तावले. मग कधीतरी एका दुपारी वर्गात आख्खं पान मनातल्या मनात भाषांतर न करता समजलं, आणि तेव्हापासून ते सोडवेना.

पट्ट्या बांधणाऱ्या मावशीला हे काही पटलं नव्हतं. मावशी आईची सख्खी थोरली बहीण, जीभ तिखट आणि डोळ्यांत मोतीबिंदू.

"जर्मनची पातेली असायची आपल्याकडे," ती म्हणायची. "हलकी. हात लागला की पोचा. तीन वर्षं शिकून तुला काय आलं गं?"

"मला बोलता येतं, मावशी."

"कोणाशी?"

मी पुढची पट्टी उचलायचे. आई हसायची आणि खुंटावर वाकायची.

सोमवारी आणि मंगळवारी आईनं अंगठ्याला चिंधी बांधून काम रेटलं. मी तिच्या मागून पट्ट्या बांधत होते आणि तोंडानं परीक्षेचं भाषण घोकत होते. वीस मिनिटांचं भाषण, मग प्रश्न. माझा विषय होता तिकडचे कारागीर. शिकाऊ म्हणून तीन वर्षं उस्तादाकडे राबायचं, मग हातात काम येतं. पूर्वी मग तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरायचं. घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही, आईबाप आजारी असले तरी. शेवटी आपल्या हातचा एक नग करून दाखवायचा, तेव्हा 'माइस्टर' म्हणायचे. हे सगळं मी एका पुढच्या वर्गातल्या मुलीच्या वहीतून उतरवून घेतलं होतं आणि शब्दन् शब्द पाठ केलं होतं.

"थांब," आई म्हणाली. "मघापासून तेच बडबडतेयस. आहे काय त्यात? आपल्या बोलीत सांग."

मी सांगायला लागले आणि अडखळले. जर्मनमध्ये धडधडा येत होतं, मराठीत एकेक वाक्य ओढून काढावं लागत होतं. आईनं मान वर केली.

"तुला समजलेलं नाही ते," ती म्हणाली. "नुसतं पाठ आहे."

"समजलंय गं."

"मग सांग, तिकडं डोळे भरतात का? कुणाला पाटी देतात?"

"भरत असतील. तिकडं नर्सरीला बाउमशूले म्हणतात. म्हणजे झाडांची शाळा."

मावशी फिस्सकन हसली. "म्हणजे तुझी आई मास्तरीण झाली म्हणायची! पगार वाढवून मागा आता."

"आणि बाईला माइस्टर करतात का?" आईनं विचारलं.

"आता करतात. पूर्वी नाही."

"वहीत लिहिलंय?"

"नाही. वर्गात मॅडम बोलल्या होत्या."

"मग ते सांग की. वहीतलं तर ते मास्तर लोक वाचूनच आले असतील."

मी हो म्हटलं आणि पुन्हा वहीतलं पहिल्यापासून घोकायला लागले.

बुधवारी सकाळी आईचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. अंगात ताप होता. मुकादम दोन दिवस बाहेरगावी खुंट आणायला गेला होता, आणि आमच्या ओळी शेडच्या पलीकडं, भाच्याच्या आणि बाकी पाटीवाल्यांच्या नजरेआड. आईनं चाकू माझ्या हातात दिला.

"डॉक्टर चिरा देतील, पू काढतील. दोन दिवस मला चाकू धरवणार नाही," ती म्हणाली. "ओळी मोकळ्या दिसल्या तर मुकादम आल्या आल्या भाच्याला बसवेल. तू बारा वर्षांची असताना घरामागं भरायचीस ना? तसंच. घाई करू नको. देठ खाली, लक्षात ठेव. देठ खाली, डोळा वर."

डोळा काढताना त्याच्या खालच्या पानाचा देठ बोटभर ठेवतात, धरायला बरा पडतो. डोळा सरकवला की तो देठ खाली यायला हवा. बारा वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं.

दोन दिवस मी भरत राहिले. मातीत बसून बसून पार्श्वभाग बधिर व्हायचा, वाकून कमरेत चमक भरायची, घाम डोळ्यांत उतरायचा आणि हाताला काट्यांचे ओरखडे. आई दिवसाला पाचशे डोळे भरते, मी शंभरही करत नव्हते. पहिल्या दुपारी जरा वेग आला. समोरच्या खुंटाला मी भाषणाचे कागद चिमट्यानं लावून ठेवले होते. डोळकाडीचे काटे तळहातात रुतायला लागले म्हणून मी काडी फिरवून उलटी धरली आणि तशीच डोळे कापत, सरकवत सुटले. हात चाकू चालवत होते, तोंड बोलत होतं, आणि मागून मावशी पट्ट्या गुंडाळत होती. तिला देठ वर की खाली ते दिसत नव्हतं, बोटांना लागेल तिथे ती पट्टी आवळायची.

गुरुवारी संध्याकाळी चार ओळी पुऱ्या झाल्या. माझा ऊर अभिमानानं भरून आला, हे सांगितलंच पाहिजे. आईनं बाजेवरून विचारलं, "साल सुटत होती ना?" आणि मी म्हणाले, "लोण्यासारखी."

शुक्रवारी मुकादम परत आला, आई बांधलेल्या अंगठ्यानं शेडजवळच्या नव्या ओळीत पुन्हा चाकू धरून बसली. मुकादमानं लांबूनच पिवळ्या पाटीच्या नव्या ओळी पाहिल्या, मान हलवली आणि पुढे गेला.

शनिवारी सकाळी मी बस धरायला नर्सरीतून आडवी निघाले. इस्त्रीचे कपडे, हातात चपला, कारण वाफ्यांना पाणी सोडलं होतं. माझ्या चार ओळींशी मी मुद्दाम थांबले, बघावंसं वाटलं म्हणून. पट्टीतून देठ बाहेर डोकावत होते. वरून. प्रत्येक खुंटावर देठ वर आणि डोळा त्याच्या खाली, जमिनीकडं तोंड करून. पहिली अर्धी ओळ ठीक होती. त्यानंतर शेवटच्या खुंटापर्यंत सगळे उलटे.

मी मोजले नाहीत. खाली बसून मी दोन पट्ट्या चाचपल्या. असे डोळे बहुतेक मरतात आणि जगले तर फांदी वेडीवाकडी येते, ते रोप कोणी घेत नाही. शेडच्या दाराशी आईचा आवाज येत होता. पन्नास पावलांवर होती ती. जाऊन सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी उठले, कपड्यावरची माती झटकली आणि बसकडे गेले.

परीक्षा एका लांबट खोलीत होती. मधे टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या आणि उपडे ग्लास, वर कुरकुरणारा पंखा. एका बाजूला आमच्या मॅडम आणि शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या मिशांचे, चष्मा कपाळावर ढकललेला. मी उभी राहून सुरू केलं. चार मिनिटं भाषण स्वतःहून चाललं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पाठ केलेलं त्यांना ऐकवत नाही, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

परीक्षकांनी हात वर केला. "हे छान आहे," ते जर्मनमध्ये म्हणाले. "पण असा माइस्टर तुम्ही स्वतः पाहिलाय का? इथे, तिथे, कुठेही?"

हा प्रश्न वहीत नव्हता.

"पाहिलाय," मी म्हणाले. "माझी आई."

मग मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. क्रियापदं चुकत होती, खुंटाला काय म्हणतात ते येईना म्हणून मी पेन उभं धरून दाखवलं, डोळा कसा सरकवतात ते नखानं दाखवलं. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मॅडमनी खिडकीकडून तोंड वळवलं. बावीस वर्षं, पिवळी पाटी, इतक्या बाप्यांत एकटी बाई, सगळं सांगितलं.

"आणि शिकाऊ माणसानं काम बिघडवलं तर?" परीक्षकांनी विचारलं. "जुन्या काळी तिथे कोण जबाबदार असे?"

"उस्ताद," मी म्हणाले. आणि मग थांबता आलं नाही. "तिच्या पाटीखाली आज चार ओळी वाईट आहेत. त्या मी केल्या. मी वाचत होते आणि हात उलटे चालत होते. तिला माहीत नाही. सकाळी मी बघितलं आणि तिला न सांगता इथे आले."

मला हलकं वाटलं, अगदी रडू येईल इतकं हलकं वाटलं. एक वाक्यही अडलं नव्हतं.

"बसा," परीक्षक हळूच म्हणाले. "भाषेचं म्हणाल तर तुम्ही उत्तम पास झालात. पण हे आम्हाला सांगून काय उपयोग?"

बाहेर मॅडम माझ्या मागोमाग आल्या. "तीन वर्षांत आज पहिल्यांदा तू बोललीस," त्या म्हणाल्या. "सोमवारी दहाला ये. लेखीही असंच लिही." आणि दाराशी थबकून म्हणाल्या, "आधी घरी जा."

बसमध्ये मी मनाशी वाक्यं जुळवत आले. आई, त्या चार ओळी माझ्याकडून उलट्या भरल्या गेल्या. साधं होतं. मराठीत सांगायचं होतं, यापेक्षा सोपं काय.

पण मला उशीर झाला होता. ऊन कलतं झालं होतं आणि माझ्या ओळींपाशी सगळे उभे होते. मुकादम उकिडवा बसून एकेक पट्टी सोडत होता. बाकीचे पाटीवाले कमरेवर हात ठेवून बघत होते, भाचा सगळ्यांत पुढं. मावशी खाली मान घालून सुतळीचा गुंता सोडवत होती, जो गुंता नव्हताच. आई मधे उभी होती, अंगठ्याच्या पांढऱ्या पट्टीवर माती.

"साडेतीन ओळी," मुकादम म्हणाला. "माझ्या उभ्या जन्मात असं बघितलं नाही. बाई, हे काय आहे?"

"अंगात ताप होता," आई म्हणाली. "दिसलं नाही मला."

"थांबा," मी ओरडले. चपला पुन्हा हातात होत्या. "तिनं नाही केलं. मी केलं. बुधवारी आणि गुरुवारी चाकू माझ्याकडं होता."

मुकादम उठला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं.

"पोरीचं काम असेल तर मला सोपं आहे," तो म्हणाला. "शिकणाऱ्याचा हात चुकतो. मला न विचारता चाकू दिलास त्याचं मी तुला बोलीन, पण पाटी राहील. मात्र ओळी जिच्या हातनं बिघडल्या तिनंच उपसायच्या, हा इथला नियम आहे. सगळे डोळे काढायचे, खुंटाच्या दुसऱ्या अंगाला काप घ्यायचा, पुन्हा भरायचे. साल अजून चार दिवस सुटेल, पाचव्या दिवशी नाही. म्हणजे उद्यापासून बुधवारपर्यंत पोरगी इथं, माझ्या डोळ्यांपुढं." तो आईकडं वळला. "आणि तुझं काम असेल तर तुझा हात गेला, बाई. ताप असो की काही असो. पाटी काढतो, सोमवारपासून तू खुरपं घे. ओळी भाचा उपसेल."

"माझं आहे," मी पुन्हा म्हणाले. "मी उपसते. उद्यापासून बसते."

हे मी मनापासून म्हटलं. म्हणताना सोमवारचे दहा वाजलेले मला दिसले, ती लांबट खोली दिसली, आणि पुढचं आख्खं वर्ष दिसलं, तरीही म्हटलं.

"तिचा सोमवारी पेपर आहे," आई मुकादमाला म्हणाली. "मला वाचवायला खोटं बोलतेय."

"दोघींतली एक खोटं बोलतेय, एवढं खरं," मुकादम म्हणाला. त्यानं बादलीतून एक ताजी डोळकाडी काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि आईपुढं धरली. "बावीस वर्षं तुझा हात बघतोय. एक भर. इथं, सगळ्यांसमोर. हात शाबूत असेल तर मला लगेच दिसेल."

आईनं काडी घेतली. शेजारच्या ओळीतल्या रिकाम्या खुंटापाशी ती बसली. चाकू उघडला. आडवा काप, उभा काप. अंगठा दुखत असणार, पण साल अशी उचलली गेली की लाकडाला चरासुद्धा पडला नाही. मग तिनं काडीवरून डोळा काढला, पातळ आणि सबंध. तो चाकूच्या पात्यावर घेतला आणि क्षणभर तशीच थांबली. मी तिच्या अगदी मागं उभी होते. तिनं मनगट वळवलं, देठ वर केला, आणि डोळा सालीत उलटा सरकवून दिला. वरून पट्टी गुंडाळली, गाठ मारली, आणि बाजूला सरकली.

भाच्याचं तोंड उघडं राहिलं होतं. एक पाटीवाला म्हातारा खाकरला आणि दुसरीकडं बघायला लागला.

मुकादम खाली वाकला. त्या देठाकडं, त्या बिनचूक कापाकडं आणि मग आईच्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर तो माझ्याकडं वळलाच नसता.

"पोरी," तो म्हणाला, "शेवटचं विचारतो. या ओळी कोणी भरल्या?"

आई चाकू मांडीवरच्या फडक्याला पुसत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. एक बाजू पुसली, दुसरी पुसली, पातं मिटलं.

सकाळी परक्या माणसापुढं, परक्या भाषेत, मला हे सगळं न अडखळता सांगता आलं होतं.

"आईनं," मी म्हणाले.

मुकादमानं ओळीच्या टोकाशी जाऊन पिवळी पाटी उपटली.